क्लच घसरतोय की फक्त वाटतंय? क्लच प्लेट ओळखण्यापासून बदलण्यापर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॅन्युअल गाडीच्या क्लचबद्दल लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळे एका ठिकाणी घेतलेत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, क्लचची प्रत्येक तक्रार म्हणजे प्लेट गेली असं नसतं, आणि गिअरबॉक्स खाली उतरवणं हे मोठं काम आहे, त्यामुळे आधी नीट खात्री करा मग पाने हातात घ्या. नाहीतर रोग रेड्याला आणि औषध पखालीला व्हायचं. पुढे येणारी नावं आधी समजून घ्या: फ्लायव्हील म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारी जड चकती, प्रेशर प्लेट क्लच प्लेटला तिच्यावर दाबून धरते, आणि पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटची बोटं ढकलून क्लच प्लेट मोकळी करतं.

१. क्लच प्लेट संपत आलीय हे ओळखायचं कसं?

सगळ्यात पक्की खूण म्हणजे रेस दिली की आरपीएम पळतो आणि गाडी मात्र त्या मानाने पळत नाही. इंजिन ओरडतंय, काटा वर चाललाय, स्पीड तिथल्या तिथे. यालाच क्लच स्लिप म्हणतात. सुरुवातीला हे रोजच्या चालवण्यात कळतच नाही, कारण पहिल्या दुसऱ्या गिअरमध्ये गाडी पटकन उचलते आणि क्लचवर जोर पडतो तो क्षणभरच. चौथ्या पाचव्या गिअरमध्ये, चढावर, गाडी भरलेली असताना पूर्ण रेस दिली की पहिल्यांदा पकडलं जातं. म्हणजे घाटात ओव्हरटेक करताना जर आरपीएम एकदम ५००-७०० ने उडाला आणि गाडी पुढे सरकली नाही, तर समजा वेळ आलीय.

बाकीच्या खुणा म्हणजे जळका वास (प्र. ९ बघा), पेडल बदलल्यासारखं वाटणं (प्र. ७), गाडी उचलताना थरथर (प्र. ६). पण या तिन्हींची दुसरी कारणंही असतात. स्लिपला तेवढे फाटे फुटत नाहीत.

२. गॅरेजला न जाता स्वतः टेस्ट करता येते का?

येते, दोन पद्धती आहेत.

पहिली चालत्या गाडीत. मोकळा रस्ता, मागे कोणी नाही हे बघा, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये आरपीएम १५००-२००० च्या आसपास ठेवा आणि रेस पूर्ण दाबा. आरपीएम आणि स्पीड हातात हात घालून हळूहळू वाढले पाहिजेत. आरपीएम टुणकन पुढे गेला तर स्लिप आहे. हलका चढ असेल तर अजून स्पष्ट कळतं. इंजिन आणि क्लच गरम झाल्यावर करा, थंड असताना बऱ्याचदा लपून जातं.

दुसरी उभ्या गाडीत. हॅन्डब्रेक ओढा, फूटब्रेकही दाबून ठेवा, समोर माणूस किंवा भिंत नको, तिसरा गिअर टाका, क्लच सोडा. चांगला क्लच असेल तर इंजिन लगेच बंद पडतं. बंद न पडता फिरत राहिलं तर प्लेट घसरतेय. ही टेस्ट एकदाच करायची. काही जण मित्रांना दाखवायला पाच पाच वेळा करतात आणि बऱ्यापैकी चांगली असलेली प्लेट तिथेच जाळून बसतात.

३. माझ्या गाडीला पिकअपच राहिला नाही, मेकॅनिक म्हणतो क्लच गेला. खरं आहे का?

आरपीएमचा काटा काय करतो ते सांगा, उत्तर तिथेच आहे. रेस दाबल्यावर गाडीही उचलत नाही आणि आरपीएमही वाढत नाही, तर दोष इंजिनाच्या बाजूला आहे, म्हणजे एअर फिल्टर, फ्युएल फिल्टर, टर्बोचा पाइप फाटलाय, इंजेक्टर, काहीही. अडकलेला ब्रेकसुद्धा असू शकतो, थोडं चालवून चाकाजवळ हात नेऊन बघा, एखादं चाक जास्त तापलंय का. क्लच घसरत असेल तर इंजिन मोकळं पळतं. प्र. २ मधली टेस्ट मेकॅनिकला शेजारी बसवून करा, मग वादच नाही.

आणि हो, टर्बो गाडीचं इंजिन रीमॅप करून (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून) ताकद वाढवली आणि मग क्लच घसरायला लागला, तर प्लेट खराबच असेल असं नाही. मूळ क्लच तेवढा टॉर्क धरायला बनवलेलाच नसतो.

४. गिअर टाकताना खरखर होते, रिव्हर्स तर जाम त्रास देतो. प्लेट बदलू का?

थांबा. हा स्लिपच्या बरोब्बर उलटा प्रकार आहे. स्लिपमध्ये क्लच नीट पकडत नाही, इथे नीट सुटत नाही, ज्याला ड्रॅग म्हणतात. पेडल पूर्ण दाबलं तरी प्लेट थोडी फिरत राहते.

इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर क्लच सुटत नाहीये. बंद असतानाही अडतात, तर गिअर लिव्हरच्या केबल किंवा लिंकेज किंवा गिअरबॉक्सच बघा. आता पेडल भराभर तीन-चार वेळा पंप करून लगेच गिअर टाका. पडला? मग हायड्रॉलिकमध्ये (पेडलचा दाब ऑइलने क्लचपर्यंत नेणारी यंत्रणा) हवा आहे किंवा पेडलकडचा मास्टर सिलिंडर, क्लचकडचा स्लेव्ह सिलिंडर यापैकी एक गळतोय. वायरवाला क्लच असेल तर वायर ताणली गेलीय किंवा ॲडजस्टमेंट ढिली झालीय. हे सगळं बऱ्याचदा गिअरबॉक्स न उतरवता सुटतं. अपवाद एकच, काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवतीच बसवलेला असतो, तिथे मात्र उतरवायलाच लागतो.

फक्त एकाच गिअरला खरखर होत असेल, समजा तिसराच, तर क्लच नाही, त्या गिअरचा सिंक्रोनायझर (गिअर पडताना वेग जुळवून घेणारा पार्ट) झिजलाय. सकाळी थंड असताना गिअर जड आणि दहा मिनिटांनी मस्त, तर बहुतेक गिअर ऑइल. रिव्हर्सचं म्हणाल तर बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतोच, त्यामुळे पेडल दाबून तीन-चार सेकंद थांबून टाकायचा. एवढं थांबूनही करकरला तरच क्लचवर संशय घ्या.

५. पेडल दाबलं की आवाज येतो / सोडलं की आवाज येतो. दोन्हीत फरक काय?

जमीन अस्मानाचा फरक आहे. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवा आणि कान द्या.

पेडल दाबल्यावर किर्र किंवा घर्र आवाज सुरू होतो आणि सोडल्यावर थांबतो, तर रिलीज बेअरिंग. दाबल्यावरच त्याच्यावर लोड येतो ना.

पेडल सोडलेलं असताना आवाज आणि दाबल्यावर गायब, तर बहुतेक गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लच प्लेट ज्या दांड्यावर बसते त्याचं) बेअरिंग, कारण पेडल दाबलं की तो शाफ्ट फिरायचा थांबतो. क्लच किट बदलून हा आवाज जात नाही. लोक क्लच बदलून घेतात, आवाज तसाच राहतो, आणि मग भांडणं.

आयडलला खडखड आणि इंजिन बंद करताना एक मोठा खडाक, तर ड्युअल मास फ्लायव्हील बघा, प्र. १२.

६. पहिल्या गिअरमध्ये उचलताना गाडी थरथरते, नंतर ठीक चालते

याला जडर म्हणतात. रिव्हर्समध्येही होत असेल. प्लेटला तेल लागलंय, फ्लायव्हीलवर जास्त तापून निळे डाग पडलेत किंवा प्रेशर प्लेट वाकलीय, ही क्लचमधली कारणं. पण त्याआधी इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग तपासा. रबर फाटलं की क्लच धरताना इंजिन पुढे मागे डुलतं आणि हुबेहूब क्लचसारखी थरथर येते. माउंटिंग बदलणं त्या मानाने किती छोटं काम आहे!

७. पेडल खूप वर आल्यावर गाडी उचलते. प्लेट संपली का?

वायरवाल्या क्लचमध्ये ही चांगली खूण आहे. प्लेट झिजून पातळ झाली की प्रेशर प्लेटची बोटं रिलीज बेअरिंगकडे सरकतात, पेडलचा फ्री प्ले (दाबताना सुरुवातीचा मोकळा खेळ) कमी होत जातो आणि क्लच वर वर धरायला लागतो. इथे एक गंमत आहे जी माहीत असणं फार गरजेचं आहे. फ्री प्ले संपून शून्य झाला की पेडलला पाय न लावताही क्लच जरासा दाबलेलाच राहतो, आणि प्लेट चांगली असूनही घसरायला लागते. म्हणून ॲडजस्टमेंट असलेल्या गाडीत स्लिप दिसला की पहिलं काम फ्री प्ले तपासणं, आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. ॲडजस्ट करून स्लिप थांबला तर चालवा, पण लवकरच पुन्हा करायला लागलं तर प्लेट संपत आलीय.

हायड्रॉलिक क्लच स्वतःच ॲडजस्ट होत राहतो, त्यामुळे तिथे पेडल किती वर धरतं यावरून प्लेटचा अंदाज बांधू नका. तिथे जड होत गेलेलं पेडल जास्त बोलकं असतं. पण जड पेडल वायर आतून गंजल्यामुळेही होतं, हेही लक्षात ठेवा.

८. पेडल खालीच जाऊन बसलं, वर येत नाही

प्लेटचा संबंध सहसा नसतो. वायर तुटली, किंवा हायड्रॉलिक ऑइल गेलं. खाली मॅटवर, पेडलच्या मागे ओलं आहे का बघा, तिथे मास्टर सिलिंडर गळतो. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकची ऑइलची टाकी एकच असते, म्हणून पातळी कमी दिसली तर नुसती भरून पुढे जाऊ नका, कुठे गळतंय ते शोधा. आणि टाकीच्या झाकणावर जो डॉट नंबर लिहिलाय तेच ऑइल घाला, भलतं घातलं तर सगळी सील फुगून बसतात.

९. काल चढावर ट्रॅफिकमध्ये जळका वास आला. क्लच गेला का माझा?

एकदा वास आला म्हणजे गेला असं नाही. गाडी बाजूला घ्या, अर्धा तास थंड होऊ द्या, मग चालवून प्र. २ ची टेस्ट करा. पकड परत आलेली असेल तर आयुष्य थोडं कमी झालं एवढंच. थंड झाल्यावरही घसरत असेल तर प्लेटचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालाय, तो बहुतेक परत येत नाही.

१०. क्लच किती किलोमीटर चालायला पाहिजे?

एक आकडा सांगणारा माणूस थापा मारतोय. शहरात हाफ क्लचवर चालणारी गाडी ४०-५० हजारात संपवते, तीच गाडी हायवेवर दीड लाखाच्या पुढे जाते. शिकाऊ हातात दहा-पंधरा हजारातसुद्धा गेलेला आहे.

११. नुसती प्लेट बदलली तर चालेल ना? बाकी चांगलं आहे म्हणतात

चालेल, पण करू नका. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग हा सेट एकत्रच बदलायचा. पार्टपेक्षा मेहनत गिअरबॉक्स उतरवण्याची असते आणि ती एकदाच करायची आहे. मी स्वतः एकदा बेअरिंग हातात फिरवून बघितलं, गुळगुळीत वाटलं, म्हटलं राहू दे. तीन महिन्यांत त्याने किर्रर्र सुरू केलं आणि सगळा गिअरबॉक्स परत खाली, तेव्हापासून कोणी "बाकी चांगलं आहे" म्हटलं की मला हसूच येतं.

गिअरबॉक्स खाली असताना अजून हे बघून घ्या: इंजिनाच्या मागचं मोठं ऑइल सील, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील, फोर्क (रिलीज बेअरिंग ढकलणारा दांडा) जिथे टेकतो ती जागा, असेल तर पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं इंजिनाकडचं टोक धरणारं). स्लेव्ह सिलिंडर आत असेल तर तो बदलाच, चर्चा नको.

१२. फ्लायव्हील पण बदलायला सांगतायत, फसवतायत का?

कुठलं फ्लायव्हील आहे त्यावर आहे. साधं, एकसंध फ्लायव्हील असेल आणि वर निळे डाग, बारीक चिरा किंवा रेघा असतील तर लेथवर फेस मारून (पृष्ठभाग घासून सपाट करून) घेता येतं, मर्यादेत असेल तोवर. चिरा खोल असतील तर मात्र नवीनच.

ड्युअल मास फ्लायव्हील, जे बऱ्याच डिझेल गाड्यांत असतं, त्याच्या दोन भागांमध्ये स्प्रिंग असतात. त्याला सहसा फेस मारत नाहीत. हाताने फिरवून आणि हलवून दोन भागांमधला खेळ तपासतात, किती चालतो ते कंपनीने ठरवलेलं असतं. तुमच्यासमोर मोजून दाखवायला सांगा. ग्रीस बाहेर आलेलं दिसलं तर वादच नको, गेलंय ते.

१३. मी स्वतः बदलू शकतो का? काम नेमकं काय असतं?

ब्रेक पॅड, सस्पेन्शन अशी कामं आत्मविश्वासाने केलेली असतील, गाडीखाली पक्के स्टॅन्ड असतील आणि मदतीला एक माणूस असेल तर हो. पहिल्यांदाच पाना धरताय तर हे काम नको. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत साधारण असं असतं.

बॅटरी काढायची, गाडी स्टॅन्डवर घ्यायची, फक्त जॅकवर कधीच नाही. गिअर ऑइल काढायचं, ड्राइव्ह शाफ्ट बाहेर, स्टार्टर, गिअरच्या केबल, क्लचची वायर किंवा स्लेव्ह सुटा करायचा. स्लेव्ह सुटा असताना पेडलला हातही लावू नका, पिस्टन बाहेर उडी मारतो. मग इंजिनाला खालून किंवा वरून आधार देऊन माउंटिंग सोडायचं, बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्सचं क्लचला झाकणारं टोक) बोल्ट काढायचे आणि गिअरबॉक्स इंजिनापासून सरळ बाहेर ओढायचा. छोट्या गाडीचाही ३०-४० किलोच्या घरात जातो, छातीवर घेण्याचं वजन नाही ते, गिअरबॉक्स जॅक वापरा.

प्रेशर प्लेटचे बोल्ट एकदम एकेक पूर्ण काढू नका, समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करत जा, नाहीतर ती वाकते. जुनी धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या गाड्यांच्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसा.

बसवताना बहुतेक लोक तीन ठिकाणी चुकतात. एक, प्लेट उलटी बसते. तिच्यावर फ्लायव्हील साइड किंवा गिअरबॉक्स साइड लिहिलेलं असतं, ते वाचा. दोन, सेंटरिंग. अलाइनमेंट टूलशिवाय प्लेट मध्यावर येत नाही आणि मग शाफ्ट आत जात नाही. तेव्हा जोर लावून किंवा बोल्टने ओढून बसवायचा प्रयत्न करू नका आणि गिअरबॉक्स शाफ्टवर लटकत ठेवू नका, नवीन प्लेटचा हब (मधला भाग) वाकतो. तीन, ग्रीस. स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या खाचांवर) अगदी पुसट हात, जास्तीचं पुसून. जास्त लावलं की फिरताना उडून प्लेटवर बसतं. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट ब्रेक क्लीनरने पुसा, नवीन प्लेटच्या लायनिंगला तेलकट बोट लावू नका. बोल्ट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याला, आणि ड्राइव्ह शाफ्टचा हब नट नवीनच.

१४. जुनी प्लेट काढल्यावर खरंच संपली होती का कसं बघू?

मेकॅनिककडून जुने पार्ट मागून घ्या. लायनिंगमध्ये रिव्हेटची डोकी किती खोल आहेत ते बघा. साधारण ०.३ मिमी उरली की संपली म्हणतात. डोकी वर आली असतील तर फ्लायव्हीललाही रेघा पडल्या असतील. लायनिंग जाड आहे पण तेलकट आहे, तर प्लेट झिजली नव्हतीच, सील गळत होतं, आणि ते सील बदललं का हे आत्ताच विचारा.

१५. तेल लागलेली प्लेट पेट्रोलने धुऊन परत टाकता येईल का?

नाही. लायनिंगमध्ये तेल मुरतं, गरम झालं की परत वर येतं.

१६. नवीन क्लच टाकलाय, तरी गिअर नीट पडत नाही / वास येतो

वास पहिले काही दिवस येऊ शकतो, नवीन लायनिंग बसायची असते. गिअर पडत नसतील तर सगळ्यात आधी हायड्रॉलिकमधली हवा काढलीय का ते बघा, बहुतेक वेळा तेच असतं. वायर असेल तर नव्याने ॲडजस्ट करायलाच लागते, जुन्या प्लेटची सेटिंग नव्या जाड प्लेटला चालत नाही. हे दोन्ही ठीक असेल तर प्लेट उलटी बसलीय किंवा हब वाकलाय, म्हणजे पुन्हा प्र. १३. पहिले ५०० किमी तरी जोरात रेस देऊन क्लच सोडणं, ट्रेलर ओढणं वगैरे टाळा.

१७. एएमटी गाडी आहे, पेडलच नाही, मग मला काय देणंघेणं?

आहे ना. एएमटीमध्ये (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर आपोआप चालतात) आत तोच कोरडा क्लच असतो, फक्त तुमच्या पायाऐवजी मोटर किंवा हायड्रॉलिक तो दाबते. चढावर ब्रेक न लावता नुसत्या रेसवर गाडी धरून ठेवलीत तर तुम्हाला न कळता हाफ क्लच चाललेला असतो. आणि बदलल्यावर स्कॅनर लावून क्लचचं लर्निंग करायला लागतं, ते नसेल जमत अशा ठिकाणी गाडी देऊ नका.

१८. गाडी महिनोन् महिने उभी होती, आता पेडल दाबूनही गिअर पडत नाही

दमट जागी प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. इंजिन आधी न्यूट्रलमध्ये गरम करा, बंद करा, मोकळ्या मैदानात पेडल पूर्ण दाबून दुसऱ्या गिअरमध्ये स्टार्ट करा. गाडी लगेच चालायला लागेल, त्याची तयारी ठेवा. पेडल दाबलेलंच ठेवून रेस द्या सोडा, द्या सोडा, कधी कधी खटकन सुटते. नाही सुटली तर उतरवण्याला पर्याय नाही. पुढच्या वेळी मधून मधून गाडी चालवा.

१९. रस्त्यात क्लच गेला तर घरापर्यंत आणता येते का?

घसरत असेल तर हो, हलक्या रेसवर, चढ टाळून, गाडीतलं वजन कमी करून. जास्त रेस दिली की जास्त घसरते, जास्त तापते, आणि तासाभरात पूर्ण बंद.

वायर तुटली असेल तर पहिल्या गिअरमध्ये टाकून स्टार्टर मारला की गाडी धक्का देत सुरू होते, पुढचा गिअर रेस सोडून आरपीएम उतरताना हलकेच ढकलायचा. मोकळ्या रस्त्यावर जमतं, सिग्नल आणि गर्दीत अजिबात करू नका. आणि ज्या गाड्या पेडल दाबल्याशिवाय स्टार्टच होत नाहीत, त्यात पेडल खाली दाबून धरा, स्विचला तेवढंच पाहिजे असतं. जमिनीवर तेल सांडलंय आणि ब्रेकची टाकीही तीच आहे, तर मात्र टोचन करूनच न्या, प्र. ८.

२०. सिग्नलला गिअरमध्ये टाकून पेडल दाबून उभं राहिलं तर प्लेट झिजते का?

पेडल पूर्ण दाबलेलं असेल तर प्लेट नाही झिजत, रिलीज बेअरिंगवर मात्र सगळा वेळ लोड राहतो. जास्त थांबायचं असेल तर न्यूट्रल. प्लेट खातो तो हाफ क्लच, म्हणजे चढावर हॅन्डब्रेक न लावता क्लचवर गाडी तोलून धरणं. आणि चालवताना डावा पाय पेडलवर नुसता टेकवून ठेवणं, वजन पडत नाही असं प्रत्येकाला वाटतं. बऱ्याच गाड्यांत शेजारी डेड पेडल (पाय टेकवायची जागा) दिलेलं असतं, तिथे ठेवा पाय.